मावशीचं नुकसान

४ फेब्रुवारी

ताई,

हे वाचते आहेस म्हणजे पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनही तू ते केरात टाकलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाली होतीस, आजपासून मला बहीण नाही. बरं, नाही तर नाही. ओळखीची कुणी बाई लिहितेय असं समज, पण शेवटपर्यंत वाच. मी फार घाबरले आहे आणि हे सांगायला मला दुसरं माणूस नाही.

काल सरकारी वकिलांच्या कचेरीतून फोन आला. मी वर्कशॉपमध्ये होते, दोन्ही हात मेणानं भरलेले. फोन खांद्यानं कानाशी धरला. पलीकडच्या बाईनं तुझ्या बोक्याचं सगळं नाव आडनावासकट घेतलं, तर क्षणभर मला कळेचना ही कुणाबद्दल बोलतेय. म्हणाली, शिक्षा ठरवण्याआधी कोर्ट ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापैकी कुणाचं तरी म्हणणं ऐकणार आहे. तुम्ही याल का?

मी म्हटलं, "मीच का? एवढे लोक बुडालेत."

"बुडालेत खूप. पण समोर यायला कुणी तयार नाही."

विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला आणि एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आजोबांचं नशीब की मी तपासून पाहिलं.

निकालापासून तू बोक्याचाही फोन घेत नाहीस असं सूनबाई सांगत होती. तुला किती ठाऊक आहे कोण जाणे, म्हणून मीठमसाला न लावता सांगते. कंपनी दवाखान्यांसाठी सलाइनचे पंप बनवायची. बोका तिथला मुख्य हिशेबनीस. जे पंप विकलेच नव्हते ते विकले म्हणून दाखवले. एकदा नाही, दोन वर्षं. मालकानं सांगितलं, यानं दाखवले. नफा फुगला, शेअर चढला, लोकांनी उड्या टाकून घेतला. मग खरं बाहेर पडलं आणि आठवड्याभरात शेअर धाडकन खाली आला. मालकानं सरकारकडे जाऊन सगळं ओकून टाकलं आणि स्वतःपुरतं निभावून नेलं. बोका शेवटपर्यंत म्हणत राहिला, मी काही केलं नाही. दोषी ठरला. आता किती वर्षं एवढंच ठरायचंय, आणि ते ठरणार किती लोकांचं किती नुकसान झालं त्यावर.

कोर्टात उभं राहायची मला तेवढी भीती नाही, ताई. तोंड उघडल्यावर काय बाहेर पडेल त्याची आहे. ते आज लिहीत नाही.

आणि एक माणूस आहे. समोरच्या लाँड्रीच्या दाराशी उभा असतो, चौकड्यांचा स्वेटर घातलेला. आधी वाटलं कपड्यांची वाट बघतोय. पण त्याला कपडे मिळताना मी कधी पाहिलं नाही. तो माझ्या खिडकीकडे बघतो. मी निघाले की माझ्यामागून बस थांब्यापर्यंत येतो आणि तिथून परत फिरतो. हल्ली दाराला आतून खुर्ची लावून झोपते. हसशील. हस.

तुझी
(तू म्हणशील ती)


११ फेब्रुवारी

ताई,

वकीलबाईंना भेटून आले. माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद काळं पडत होतं आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. मी त्याची सख्खी मावशी आहे. माझ्या घरात वाढलाय तो, त्याची आई परगावी नोकरीला होती तेव्हा. ती म्हणाली, ठाऊक आहे, म्हणून तर तुमचं म्हणणं कोर्ट कान देऊन ऐकेल.

मग मी विचारलं, "मला शिक्षेच्या वर्षांत भर घालायची नाहीये. माझ्यामुळे किती वाढतील?"

ती हसली, पण कडवट. म्हणाली, "हिशेबानं बघाल तर एक दिवससुद्धा नाही. बचाव पक्षाच्या तज्ज्ञानं तुमचं नुकसान शून्य काढलंय."

ताई, शून्य कसं?

तर असं. मी शेअर घेतले ते बोका तिथं नोकरीला लागला तेव्हा. तेव्हा काहीच खोटं नव्हतं. मग खोटं सुरू झालं, भाव वर गेला. खोटं उघडं पडलं, भाव खाली आला, जिथे मी घेतला होता साधारण तिथेच. म्हणजे खोटं बोलल्यानं मला काही मिळालं नाही आणि काही गेलंही नाही. मधे कागदावर जे दिसत होतं ते माझं नव्हतंच. तज्ज्ञ म्हणतो, जे नव्हतंच ते गेलं कसं?

मी म्हटलं, "आणि माझं वर्कशॉप?"

तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. शेअरचा भाव बघून मला वाटलं, झालं आपलं म्हातारपणाचं. डोळ्यांना बारीक दिसेना, बोटं आखडतात, म्हणून मी माझा अर्धा हिस्सा भागीदारणीला देऊन टाकला, तिला झेपेल तेवढ्या पैशांत. आपल्याला काय कमी आहे, म्हटलं. आता त्याच टेबलाशी, त्याच दिव्याखाली पगारी काम करते. ती बिचारी अजून मला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही, पण सुटी मागायला मला तिच्याकडे जावं लागतं.

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाली, "हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण बोला."

"मग हिशेबानं बुडालं कोण?"

"भाव सगळ्यात वर असताना ज्यांनी घेतले ते. त्यात मोठे फंड आहेत. त्यांच्या वकिलांनी निवेदन पाठवलंय, कोर्टात कुणी येणार नाही. बाकीच्या पुष्कळांना तर ठाऊकसुद्धा नाही की त्यांचे पैसे या शेअरमध्ये होते. आणि ज्यांनी त्या दिवसांत विकले ते फायद्यात गेले, ते कशाला तोंड दाखवतील?"

म्हणजे बघ, जे बुडाले ते येत नाहीत, आणि जिचं नुकसान शून्य तिला बोलावलंय. मी म्हटलं, हा काय तमाशा आहे? ती म्हणाली, "बाई, न्यायाधीशांसमोर नुसते आकडे ठेवले तर शिक्षाही आकड्यांची होते. एक माणूस तरी दिसू दे."

घरी आले तेव्हा स्वेटरवाला लाँड्रीशी नव्हता. आमच्या जिन्याच्या दाराशी उभा होता. मी मान खाली घालून त्याच्या अंगावरून गेले. त्याच्या स्वेटरला मशीनच्या तेलाचा वास येत होता. किल्ली कुलपात जाईना.


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी दोनच शब्द. "जाऊ नकोस." सही पण नाही. तरी मी ते उशाशी ठेवलंय.

तू कार्ड पाठवलंस त्याच दिवशी बहुतेक सूनबाई वर्कशॉपवर आली. सगळ्यांसमोर पाया पडते की काय असं वाटलं मला. तिला मागच्या खोलीत नेलं, प्लॅस्टरच्या पोत्यांवर बसवलं. वाळली आहे पोर. म्हणाली, "मावशी, मालक दीड वर्षावर सुटणार, तेही घरी बसून. आणि यांना दहा म्हणतायत. सांगणारा तो, मोठा बंगला त्याचा, आणि दहा यांना. हा कुठला न्याय?"

मला काय सांगता येणार? म्हटलं, "नाही गं, हा न्याय नाही."

"मग तुम्ही कशाला जाताय? तुमचं नुकसान शून्य आहे, आमच्या वकिलांनी सिद्ध केलंय."

ती चांगल्या मनानं म्हणाली. पण ताई, तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि माझ्या आत काहीतरी कडक झालं. मी म्हटलं, "त्याला पाठव माझ्याकडे. एकट्याला."

तो रविवारी आला. जामिनावर आहे, शहराबाहेर जाता येत नाही एवढंच. केस पिकले आहेत. आल्या आल्या लहानपणीसारखा सरळ स्वयंपाकघरात गेला आणि बेसिनमधली भांडी घासायला लागला. मी त्याला घासू दिली. पाठमोरा असला की त्याला बोलायला सोपं जातं.

आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. वर्कशॉपचा हिस्सा देण्याआधी मी त्याला विचारलं होतं. असंच, याच बेसिनशी उभा होता. मी म्हटलं होतं, "बोक्या, शेअर आताच विकून बँकेत टाकू का? मला या चढउताराचा ताप नको." त्यानं नळ बंद केला. खूप वेळ ताटली पुसत राहिला, कोरडी झालेली ताटली. आणि म्हणाला, "थांब मावशी. एवढ्यात नको विकूस."

त्याला तेव्हा सगळं ठाऊक होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पोलिसांना नाही, वकिलांना नाही. तू मला त्या कागदावर सही करायला सांगितलंस ना, की मला काही तक्रार नाही? म्हणून केली नाही सही. तुला कारण सांगता आलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास, किंवा ठेवला असतास. दोन्हीची भीती वाटली.

मी त्याच्या पाठीला विचारलं, "का रे थांब म्हणालास?"

भांडी वाजायची थांबली. "तुला विक म्हटलं असतं तर तोही गुन्हाच होता. आतली बातमी देणं."

"एवढा कायद्याला घाबरतोस होय तू?"

"आणि तू विकले असतेस तर ते कुणीतरी घेतलेच असते ना, मावशी. तू सुटली असतीस, तो बुडाला असता. तो कोण ते तुला कधी कळलंही नसतं."

ताई, ते खरं आहे. मी विकले असते तर आज मी मजेत असते आणि माझ्या जागी दुसरी कुणी म्हातारी दाराला खुर्ची लावून बसली असती. पण मग मला एकदम कळलं की हे तो वकिलाकडून शिकलाय. मी म्हटलं, "म्हणजे त्या माणसाला वाचवायला तू मला बुडवलंस?"

तो वळला. हात ओले, फेस गळतोय. "नाही," म्हणाला. "मी घाबरलो. तू का म्हणून विचारलं असतंस. मग मला सगळं सांगावं लागलं असतं."

मग त्यानं विचारलं, "हे तू कोर्टात सांगणार?" आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं की मला त्याची भीती वाटली. माझ्या बोक्याची. तो काही करेल म्हणून नाही. मी त्याला हवं ते म्हणून बसेन म्हणून.

मी त्याच्या हातात कोरडं फडकं दिलं. त्यानं भांडी पुसून जागेवर लावली आणि गेला.


२४ फेब्रुवारी

ताई,

आज सकाळी जिन्यात त्या माणसानं मला अडवलं.

मी उतरत होते, तो चढत होता. आमचा जिना अरुंद, कुणीतरी बाजूला व्हावंच लागतं. तो झाला नाही. मी भिंतीला चिकटले. त्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

म्हणाला, "बाई, तुम्हाला कोर्टात बोलावलंय ना?"

मी मान हलवली.

"मला का नाही बोलावलं?"

"मला काय ठाऊक? तुमचे किती शेअर होते?"

"एकपण नाही." मग मनगट सोडलं, जणू त्यालाच आत्ता लक्षात आलं की त्यानं ते धरलंय. "मी पॅकिंगला होतो. सतरा वर्षं. शेवटच्या वर्षी आम्ही खोकी भरायचो, आत काय असेल सांगा. जुनी लाकडं. वजन लागावं म्हणून. आम्हाला म्हणायचे, चाचणीचा माल आहे. आता कुठेही कामाला गेलो की विचारतात, आधी कुठे होता? नाव सांगितलं की म्हणतात, अच्छा, ती खोकी भरणारी कंपनी."

"मग तुम्ही वकीलबाईंना भेटा."

"भेटलो. त्या म्हणाल्या, हा गुन्हा शेअर घेणाऱ्यांविरुद्ध आहे. तुम्ही शेअर घेतला नाही, तर या खटल्यात तुमचं नुकसान येत नाही." तो भिंतीवरचा रंग नखानं खरवडायला लागला. "आमच्यातल्या साडेतीनशे जणांची नोकरी गेली. आणि आमचं नुकसान येत नाही."

मी म्हटलं, "माझंही शून्यच काढलंय."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्याचा चेहरा असा झाला की मी कठडा घट्ट धरला. म्हणाला, "तुम्ही भाच्याला वाचवणार. रक्त आहे ना तुमचं. तिथं उभ्या राहून म्हणाल, गुणी मुलगा आहे हो, चुकला. म्हणा. मी तिथं बसून ऐकणार आहे. मग बघू."

"काय बघू?"

तो तसाच वर गेला, वर त्याचं काहीच नाही, वर गच्ची आहे. मी तिथेच पायरीवर बसले. थोड्या वेळानं तो परत खाली आला आणि मला ओलांडून निघून गेला, पाय चुकवून, जपून.

पोलिसात जाऊ का? गेले तर तो माणूस आणखी कुठल्यातरी रकान्यात जाईल एवढंच. नाही गेले. पण एका बाईंच्या पुढच्या दाताला पॉलिश करताना तो माझ्या हातून तुटला. भागीदारीण नवा दात स्वतःच घेऊन बसली.

ताई, एका बाजूला तू म्हणतेस जाऊ नकोस. एका बाजूला हा. मधे बोका ओल्या हातांनी उभा. तू असतीस तर निदान भांडलो असतो.


६ मार्च

ताई,

गेले. बोलले.

कोर्टाची खोली सिनेमात असते तशी मुळीच नाही. शाळेच्या ऑफिससारखी. पंखा एका बाजूनं घासत होता. पुढच्या बाकावर बोका आणि त्याचे वकील. मागे सूनबाई. एकदम मागे, दाराशी, तो स्वेटर. तू नव्हतीस. बोक्यानं दोनदा दाराकडे वळून बघितलं, तेव्हा मला कळलं तो कुणाला शोधतोय.

आधी तज्ज्ञ उठले. हुशार माणूस, आवाज मऊ. एक आलेख दाखवला, डोंगरासारखा. डोंगराच्या या पायथ्याशी मी आणि त्या पायथ्याशी मी. म्हणाले, या साक्षीदार बाई जिथून निघाल्या तिथेच पोचल्या. मला वाटलं कुणी तरी हसेल. कुणी हसलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. कठडा थंड होता. पाणी मागितलं तर ते गिळताना घशातून मोठा आवाज झाला, माईकमधून.

न्यायाधीश वयस्क, माझ्याएवढेच असतील. दात मात्र स्वतःचे. म्हणाले, "बाई, घाबरू नका. तुमचं काय गेलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी वर्कशॉपचं सांगितलं. डोळ्यांचं, बोटांचं. ते म्हणाले, "पण तो निर्णय तुमचा होता."

"हो साहेब, माझाच. पण मी त्याला विचारलं होतं."

बोक्यानं डोळे मिटले. मी ते बघितलं, ताई, आणि तरी थांबले नाही. बेसिनचं सांगितलं. नळ बंद केला ते सांगितलं. "थांब" म्हणाला ते सांगितलं. पंखा घासत राहिला. आमची वकीलबाई तोंडावर हात ठेवून बसली होती, तिलाही हे ठाऊक नव्हतं.

बोक्याचे वकील ताडकन उठले. म्हणाले, हे आधी कधीच सांगितलं नाही, आज का? मी म्हटलं, "आज मला विचारलं म्हणून." ते म्हणाले, तुमचा भाच्यावर राग आहे. मी म्हटलं, "आहेच. पण रागापोटी मी खोटं रचलं असतं तर याहून चांगलं रचलं असतं. त्याच्या तोंडी एकच शब्द कशाला ठेवला असता?"

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्या मते किती शिक्षा व्हावी?"

ताई, हा प्रश्न विचारतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बोक्याकडे बघितलं. मागे स्वेटरकडे बघितलं. आणि तोंडातून निघालं, "साहेब, मी जिवंत असताना तो घरी यावा. पण उद्याच येऊ नये."

मग आणखी बोलले, न विचारता. म्हटलं, माझं नुकसान तुमच्या आलेखात शून्य आहे, ते तसंच राहू द्या, मला त्यावर भांडायचं नाही. पण मागे एक माणूस बसलाय. त्यानं खोक्यांत लाकडं भरली, त्याला कुणी सांगितलं नाही ती कशाला. त्याची नोकरी गेली. त्याच्यासारख्या साडेतीनशे जणांची. त्यांच्याकडे एक शेअरसुद्धा नव्हता, म्हणून त्यांना कुणी मोजत नाही. एवढं तरी कागदावर येऊ द्या.

दोन्ही बाजूंचे वकील एकदम उठले. दोघांनाही ते नको होतं. न्यायाधीश म्हणाले, "बाई, ते या खटल्यात मोजता येत नाही." पण त्यांनी टंकलेखन करणारीला हात करून सांगितलं, राहू द्या ते वाक्य.

दुपारी शिक्षा सांगितली. सात वर्षं. म्हणाले, किती बुडालं याचा खरा आकडा कुणालाच सांगता आलेला नाही, आणि जो आकडा सांगता येत नाही त्यावर मी दहा वर्षं देणार नाही. पण आरोपीला निदान एक पीडित समोर दिसत होती आणि त्यानं तिला थांब म्हटलं, हे मी विसरू शकत नाही. मालकाबद्दल म्हणाले, त्याची शिक्षा आधीच ठरलेली आहे, तिच्यावर मला बोलण्याचा अधिकार नाही. असता तर बोललो असतो.

म्हणजे माझ्यामुळे कमी झाली की वाढली, मला अजून कळत नाही. सूनबाई माझ्याशी बोलली नाही. बोक्याला बाजूच्या दारानं नेलं.

बाहेर व्हरांड्यात तो माणूस उभा होता. तो जवळ आला. स्वेटर आज धुतलेला होता. म्हणाला, "बोललात सगळं. माझं नाव तेवढं घेतलं नाहीत."

"अहो, मला तुमचं नाव ठाऊकच नाही!"

त्याला हे सुचलंच नव्हतं. मग त्यानं नाव सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक करून, हळू, जणू मी लिहून घेतेय. मी त्याच्या पाठोपाठ ते म्हणून बघितलं. बस थांब्यापर्यंत बरोबर चालत आला, या वेळी शेजारून.


२ एप्रिल

ताई,

काल बोक्याला भेटले. सूनबाई गेल्या आठवड्यात जाऊन आली, तिनंच निरोप दिला की तो मला बोलावतोय.

बाहेरच्या फाटकाशी रांग असते. पिशवी तपासतात, केसांतली पिन काढून घेतात. माझं पाऊल पुढे पडेना. मागच्या बाईनं हलकेच ढकललं, म्हणाली, पहिल्यांदा असंच होतं. काचेपलीकडे तो आला तेव्हा मी आधी त्याचे हात बघितले. नखं कुरतडून रक्त काढलंय.

बराच वेळ वायफळ बोललो. जेवण, झोप, सूनबाईला नोकरी लागली ते. मग तो म्हणाला, "मावशी, माझ्या खोलीत एक म्हातारा आहे. मारामारीत हातून माणूस गेला त्याच्या. शांत आहे. पहिल्या दिवशी मला अंथरूण घालून दिलं. मग विचारलं, तू काय केलंस? मी सांगितलं. त्याला काही कळलं नाही. त्यानं विचारलं, ते राहू दे, कुणाचं केलंस?"

मी काचेवर हात ठेवला होता.

"मला एकही नाव सांगता येईना. दोन वर्षं खटला चालला, एवढे आकडे मला पाठ आहेत, आणि नाव एकाचंही नाही. मी म्हटलं, माझ्या मावशीचं. तिनंच मला वाढवलं." त्यानं काचेवरचा माझा हात बघितला. "तर त्यानं आपलं ताट उचललं आणि पलीकडे भिंतीशी जाऊन बसला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माणूस मारलेला माणूस, मावशी. तो माझ्याकडे बघत नाही."

आणि रडला. लहान असताना अंधाराला घाबरायचा तसा, आवाज न करता, तोंड उघडं टाकून. मधे काच. मला त्याचं तोंड पुसता येईना. बघवेना. मी काय म्हणावं? माफ केलं म्हणावं तर ते खरं नाही अजून. नाही म्हणावं तर तेही खरं नाही. मी म्हटलं, "मी येत जाईन." तेवढंच मला खात्रीनं म्हणता आलं.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यानं विचारलं, "आईला सांगितलंस?"

मी म्हटलं सांगितलं. म्हटलं, ती सगळं वाचतेय.

ताई, तू वाचते आहेस ना? त्याला आत भीती वाटते आणि मला बाहेर. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीची वेळ आहे, सकाळची. रांग लांब असते, लवकर निघावं लागतं. माझ्याकडे उतर, पलंग तुला देते, मी खाली झोपेन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, माझ्यावर ओरडायचं असेल तर वाटभर ओरड. पण ये. त्या फाटकातून मला एकटीला पुन्हा आत जाववत नाही.

तुझी
धाकटी